मुलांना घेऊन यांगश्वोला जाताना: मे सोडा, दिवाळी धरा आणि एकाच गावात मुक्काम ठोका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं कुटुंब, मुलगा सात वर्षांचा, मुलगी अकराची, बरोबर आजी. घर शाकाहारी, अंडं चालतं. मे महिन्याच्या सुट्टीत चीनमधलं ली नदीकाठचं यांगश्वो पाहायचं आहे, आणि तीन रात्रींत गुइलिन शहर, शिंगपिंग गाव, लोंगजीची भातखाचरं हे सगळं बसवायचं आहे. जमेल का, आणि खाण्याचं काय?

मराठी कुटुंबांना घेऊन मी दक्षिण चीनमध्ये बरीच वर्षं जात आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो: मुलांसाठी यांगश्वोइतकं चांगलं ठिकाण चीनमध्ये मला दुसरं माहीत नाही. बीजिंग-शांघायमध्ये मुलं मोठ्यांच्या मागे चालत राहतात, इथे त्यांना करण्यासारखं काहीतरी असतं. पण तुमच्या बेतातल्या दोन गोष्टी मी बदलेन. महिना आणि रात्रींची वाटणी.

आधी महिना. यांगश्वो ग्वांगशी प्रांतात येतं, आणि तिथला पावसाळा आपल्या आधी सुरू होतो. एप्रिलपासून पाऊस वाढत जातो आणि मे-जून हे वर्षातले सर्वांत पावसाचे महिने. नदीला पाणी चढलं की पहिल्यांदा पर्यटकांना फिरवणारे तराफे बंद होतात, आणि मुलं नेमकी त्यासाठीच आलेली असतात. जून २०२४ मध्ये गुइलिनला १९९८ नंतरचा सर्वांत मोठा पूर आला, तोही याच मोसमात. मे महिन्यात गेलात तर सगळेच दिवस वाया जातील असं नाही. डोंगरांवर ढग उतरलेले असतात आणि ते दृश्य मोठ्यांना फार आवडतं. सात वर्षांचं मूल मात्र ढगांकडे पाच मिनिटं बघतं आणि तराफा कधी, असं विचारू लागतं. त्यात १ मेपासूनचे चार-पाच दिवस चीनमध्येही सुट्टी असते, त्यामुळे गर्दी आणि हॉटेलांचे दर दोन्ही चढलेले.

दिवाळीची सुट्टी या जागेसाठी अगदी योग्य. ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर मध्य हा कोरडा काळ, नोव्हेंबरात दुपारी वीस-बावीस अंशांच्या आसपास, सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतो. पाणी कमी आणि नितळ असतं. फक्त १ ते ७ ऑक्टोबर हा आठवडा टाळा. तो चीनच्या राष्ट्रीय दिनाचा आठवडा, तेव्हा सगळा देश घराबाहेर पडलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि उकाडाही भयंकर असतो, म्हणून तेही महिने नकोत.

आता रात्री. चार रात्री यांगश्वो, आणि त्याही एकाच ठिकाणी. लोंगजी या बेतातून काढा. ती खाचरं गुइलिनच्या उत्तरेला आहेत आणि यांगश्वो दक्षिणेला. जाऊन येण्यात अख्खा दिवस गाडीत जातो, वर डोंगर चढायचा तो वेगळाच. आजींचे गुडघे आणि मुलाचा धीर दोन्ही तिथे संपतील. गुइलिन शहरात विमान किंवा गाडीच्या वेळेनुसार एखादी रात्र पुरे.

मुक्काम कुठे करायचा, यावर सहलीचं निम्मं यश ठरतं. यांगश्वो गावाच्या मध्यात शीजिए नावाचा जुना दगडी रस्ता आहे. संध्याकाळी तिथे दिवे, गाणी, खाऊची दुकानं, बार, प्रचंड गर्दी. एक संध्याकाळ मुलांना मजा वाटते, पण तिथे झोपायला जागा घेऊ नका, रात्री उशिरापर्यंत आवाज असतो. गावाबाहेर युलोंग नदीच्या काठाने लहान लहान खेडी आहेत, त्यांत शेतकऱ्यांची घरं वाढवून केलेली राहण्याची ठिकाणं आहेत. खोलीतून उतरलं की समोर शेत, पलीकडे नदी आणि मागे डोंगर. मुलांना सकाळी उठल्या उठल्या बाहेर सोडता येतं. गावातून टॅक्सीने साधारण वीस मिनिटांत पोचता येतं. आरक्षण करताना तीन गोष्टी विचारा: परदेशी पासपोर्टची नोंदणी करतात ना (चीनमध्ये प्रत्येक पाहुण्याची पोलीस नोंद करावी लागते आणि अगदी छोट्या घरांना ती नेहमीच जमते असं नाही), लिफ्ट आहे का किंवा तळमजल्यावर खोली मिळेल का, आणि चौघापाचांची एकत्र खोली आहे का.

युलोंग ही लीची उपनदी. अरुंद, उथळ आणि शांत. दोन नद्यांमधला हा फरक लक्षात ठेवा, कारण एजंट दोन्ही ठिकाणच्या फेरीला ‘बांबू राफ्टिंग’ म्हणून विकतात. ली नदीवर यांगदी ते शिंगपिंग या टप्प्यात जे तराफे चालतात ते प्लास्टिकच्या जाड नळ्यांचे, मागे मोटर लावलेले. दृश्य भव्य, आवाज मोठा. युलोंगवरचे तराफे खऱ्या बांबूचे, प्रत्येकावर फक्त दोन प्रवासी, मागे उभा राहून लांब बांबूने रेटणारा नावाडी. मोटर नाही. मुलांसाठी हाच.

या फेरीत काय होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण लहान मुलं घाबरतात ती याच जागी, आणि आधी सांगून ठेवलं की घाबरत नाहीत. तराफ्यावर दोन खुर्च्या आणि वर एक छत्री असते. सगळ्यांना जीवरक्षक जॅकेट घालावंच लागतं. मुलाचं जॅकेट त्याच्या मापाचं आहे ना, खालचा पट्टा लावलाय ना, हे स्वतः बघा. नदीवर ठिकठिकाणी कमी उंचीचे दगडी बंधारे आहेत. बंधारा आला की नावाडी पाय वर घ्यायची खूण करतो, तराफ्याचं तोंड क्षणभर हवेत जातं आणि मग तो खाली घसरतो. पाणी तराफ्याच्या फटींतून वर येतं, चपला भिजतात, मुलं किंचाळतात आणि पुढचा बंधारा कधी येणार ते विचारू लागतात. बॅग मांडीवर घ्या, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यात अडकवा. वरच्या भागात, जिनलोंग पुलाकडून निघणाऱ्या फेरीत, बंधारे जास्त असतात. खालच्या बाजूला शुइअदी ते गोंगनोंग पूल हा टप्पा संथ आहे. आजींना आणि धाकट्याला तो बरा. अगदी लहान मुलांना आणि ठरावीक वयापुढच्या ज्येष्ठांना तराफ्यावर घेत नाहीत, आणि ही अट घाटाघाटाला वेगळी असते. तिकीट काढण्यापूर्वी तुमच्या मुक्कामाच्या मालकांकडून त्या घाटावर फोन करून घ्या. आजींना घेणार नसतील तर त्यांना टॅक्सीने खालच्या पुलावर नेऊन बसवा, तिथून तराफे येताना छान दिसतात. सकाळी लवकर जा, दहानंतर रांग लागते.

दोनच माणसं एका तराफ्यावर बसतात, म्हणजे तुम्ही पाच जण असाल तर हिशेब आधीच करा. प्रत्येक मुलाबरोबर एक मोठा माणूस हवा.

ली नदीची मोठी बोट घ्यायची की नाही, हा पुढचा प्रश्न असतोच. गुइलिनजवळच्या घाटावरून सकाळी निघून बोटी सुमारे ८३ किलोमीटर खाली यांगश्वोला येतात, साडेचार तासांच्या आसपास लागतात. यांगश्वोहून दिवसाची सहल म्हणून ही बोट करू नका, कारण आधी रस्त्याने उलटं गुइलिनला जावं लागतं. गुइलिनला उतरला असाल तर मात्र यांगश्वोला पोचण्याचं वाहन म्हणूनच ती घ्या. सामान बोटीवर घेता येतं, बसायला जागा असते, स्वच्छतागृह असतं, आजी आरामात येतात. सगळ्यात सुंदर भाग यांगदी ते शिंगपिंग. तोवर मुलांना आत बसून पत्ते खेळू द्या, रंगवू द्या, आणि यांगदी आलं की वरच्या डेकवर न्या. पहिल्याच तासात त्यांना वर उभं केलंत तर खरा भाग येईपर्यंत ती कंटाळलेली असतात. हिवाळ्यात पाणी फार उतरलं की बोटींचा मार्ग छोटा करतात, तेव्हा तिकीट काढताना शेवटचा घाट कोणता ते विचारा.

शिंगपिंगसाठी एक सकाळ ठेवा. चीनच्या २० युआनच्या नोटेच्या मागच्या बाजूला जे चित्र आहे ते इथलंच. तिथे जाण्याआधी मुलांच्या हातात एक खरी नोट द्या. (चीनमध्ये सगळे फोनने पैसे देतात, त्यामुळे नोट मुद्दाम मिळवून ठेवावी लागते.) काठावर उभं राहून डोळ्यासमोर नोट धरायची आणि डोंगरांच्या ओळी जुळेपर्यंत मागेपुढे सरकायचं. कुठला डोंगर नोटेत आहे आणि कुठला नाही यावरून भावंडांचं भांडण होतं, आणि त्या भांडणात ती जेवढं बारकाईने बघतात तेवढं कुठल्याही गाइडच्या सांगण्यावरून बघत नाहीत. शिंगपिंगचा लाओझाय डोंगर मात्र मुलांना घेऊन चढू नका. वाट खडी आहे, काही ठिकाणी कड्याला लागून आहे. उंचावरून नदीचा देखावा बघायचाच असेल तर शियांगगोंग डोंगरावर बांधीव पायऱ्या आहेत, किंवा युलोंगच्या बाजूला रुयी शिखरावर रोपवेच्या पाळण्याने वर जाता येतं.

हे डोंगर असे का, हा प्रश्न अकरा वर्षांची मुलगी विचारणारच. उत्तर तयार ठेवा, कारण ते सोपं आहे आणि आपल्या मुलांना पटकन कळतं. सह्याद्री लाव्हा थिजून झालेल्या काळ्या बसाल्टचा. इथला दगड चुनखडीचा, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवतं. भेगा रुंदावत जातात, मधला दगड निघून जातो आणि उरतात ते हे सुटे सुळके. आत पाणी शिरलं तिथे गुहा झाल्या. दक्षिण चीनच्या या भूप्रदेशाला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान आहे आणि गुइलिनचा भाग त्यात २०१४ मध्ये आला. हे सांगून झालं की त्याच दिवशी यिनझी गुहा दाखवा. रंगीत दिवे अंमळ जास्तच लावलेत, पण लवणस्तंभ खरोखर प्रचंड आहेत आणि पाऊस आला तर हाच तुमचा राखीव दिवस. आत पायऱ्या आणि ओल आहे, आजींना चांगल्या पकडीचे बूट हवेत.

मासेमारीचे पाणकावळे हा विषय मी मुद्दाम काढतो. तराफ्यावर दोन पाणकावळे घेऊन उभा असलेला म्हातारा कोळी तुम्हाला सगळ्या फोटोंत दिसला असेल. पूर्वी त्या पक्ष्यांच्या गळ्याला दोरा बांधून, मोठा मासा गिळता येऊ नये अशी सोय करून मासे पकडत. आज हे काम बहुतेक पर्यटकांसाठीच होतं, आणि फोटोचे पैसे द्यावे लागतात. काही मुलांना गळ्यातला दोरा बघून फार वाईट वाटतं, रडूही येतं. घरीच मुलांना समजावून सांगा, त्यांना बघायचं आहे का विचारा, आणि नको म्हणाली तर आग्रह करू नका.

संध्याकाळी नदीपात्रातच होणारा मोठा प्रकाश-संगीताचा खेळ मात्र अवश्य बघा. २००४ पासून तो चालू आहे, चिनी चित्रपट-दिग्दर्शक झांग यिमौ यांच्या दिग्दर्शनाखाली बसवलेला, आणि त्यात शेकडो कलाकार असतात, त्यांतले बरेच आसपासच्या गावांतले शेतकरी आणि कोळी. मागे खरे डोंगर उजळलेले, पुढे खरी नदी. चिनी भाषा कळायची गरज पडत नाही. नोव्हेंबरात नदीकाठी थंडी वाजते, मुलांना टोपी घाला आणि दुपारी झोपवून मगच न्या.

सायकलीचं सांगतो. युलोंगच्या काठाने सपाट रस्ता आहे आणि भाड्याने सगळ्या प्रकारच्या सायकली मिळतात, मुलाला मागे बसवायच्या आणि दोघांनी मिळून चालवायच्याही. इ-स्कूटरही देतात. मी कुटुंबांना ती घेऊ देत नाही. वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आपली सवय डाव्या बाजूची, आणि मागे मूल बसलेलं असताना ही सवय बदलण्याचा प्रयोग करू नये. सायकलने युलोंग पुलापर्यंत जा. मिंग काळात, १४१२ मध्ये बांधलेली ती एकच मोठी दगडी कमान आहे. मुलं तासन्‌तास तिथे तराफे मोजत बसतात.

आता खाणं. शाकाहारी कुटुंबाचे यांगश्वोत हाल होतात हे खरं नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतात. इथली खासियत म्हणजे भाज्यांमध्ये सारण भरणं: भोपळ्याची फुलं, कारली, टोफू. ताट शंभर टक्के शाकाहारी दिसतं आणि सारण डुकराच्या मांसाचं असतं. गुइलिनच्या तांदळाच्या शेवयांवर शेंगदाणे, आंबवलेल्या शेंगा, मिरची अशी छान सजावट असते, पण खाली जो गडद रस घालतात तो हाडं आणि मांस उकळून केलेला. तो नको, कोरड्या शेवया, वर दाणे, शेंगा आणि सोया सॉस, असं सांगा. टोफूच्या भाजीत खिमा, पालेभाजीत चरबी किंवा ऑयस्टर सॉस, हेही नेहमीचं. म्हणून एक चिनी चिठ्ठी फोनमध्ये आणि कागदावर ठेवा: मांस नको, मासे-कोळंबी नको, चरबी नको, हाडांचं पाणी नको, ऑयस्टर सॉस नको, अंडं आणि सोया सॉस चालेल. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर स्वयंपाकी मांसाचे तुकडे काढतो आणि रस तसाच ठेवतो.

मुलांसाठी खात्रीचे पदार्थ: टोमॅटो-अंड्याची भाजी (जवळपास प्रत्येक हॉटेलात मिळते, थोडी गोडसर असते, मुलं भातावर आनंदाने खातात), बटाट्याचा परतलेला कीस, परतलेली काकडी किंवा दुधी, वाफवलेले बिनसारणाचे पाव, सकाळी तांदळाची पेज. दिवाळीच्या सुमाराला पपनस रस्त्याकडेला रचलेले असतात, सोलूनही देतात. तुमच्याबरोबर मासे खाणारं कोणी असेल तर इथला बिअरमध्ये शिजवलेला मासा प्रसिद्ध आहे, पण तो बहुधा गोड्या पाण्यातला कार्प, बारीक काटे पुष्कळ. कोकणात वाढलेल्या मुलांनाही सांभाळून द्या. भाव ‘जिन’वर सांगतात, म्हणजे अर्धा किलोवर. मासा तोलायच्या आधी भाव विचारून घ्या.

घरून चिवडा, ठेपले, गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा न्या. चीनमध्ये उकळतं पाणी कुठेही मिळतं, रेल्वेच्या डब्यातसुद्धा नळ असतो. थर्मास हवाच, कारण नळाचं पाणी पिण्यासारखं नसतं. ताजी फळं, लोणी, चीज देशात नेता येत नाही. फळं कापायची सुरी रेल्वेच्या तपासणीत काढून घेतात. टिश्यू पेपर प्रत्येकाच्या खिशात असू द्या, स्वच्छतागृहं बहुतेक आपल्यासारखी खाली बसायची, त्यात कागद असेलच असं नाही.

जायचं कसं? भारतीय पासपोर्टला चीनचा व्हिसा लागतो, मुलांनाही प्रत्येकाला वेगळा. थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आधी कोलकाता-ग्वांगझौ आणि मग दिल्ली-ग्वांगझौ. ग्वांगझौ दक्षिण स्थानकावरून वेगवान रेल्वेने यांगश्वो अडीच तासांच्या आत-बाहेर. मुंबईहून मला हाँगकाँगचा मार्ग सोयीचा वाटतो. तिथे दोन दिवस काढायचे असतील तर भारतीयांनी आगाऊ ऑनलाइन नोंदणी करायची असते, मुलांचीही. मग वेस्ट कौलून स्थानकावरून थेट गुइलिनची गाडी, साडेतीन तासांच्या आसपास, दोन्ही बाजूंचं इमिग्रेशन त्या एकाच इमारतीत. रेल्वेत सहा वर्षांखालचं मूल जागेशिवाय फुकट, सहा ते चौदा सवलतीचं तिकीट, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांना तिकीट लागेल. आरक्षण पंधरा दिवस आधी उघडतं आणि पासपोर्ट हेच तिकीट, तेव्हा प्रत्येकाचा पासपोर्ट हाताशी ठेवा. देशांतर्गत विमानाने जाणार असाल तर पॉवर बँकेवर चीनचा ‘३सी’ हा सुरक्षा-प्रमाणपत्राचा शिक्का लागतो. जून २०२५ पासून तो नसलेल्या पॉवर बँका विमानतळावर काढून घेतात, आणि भारतात घेतलेल्या बहुतेकांवर तो नसतो. रेल्वेत ही अडचण येत नाही.

फोनची तयारी घरीच करा. अलीपे हे तिथलं पैसे देण्याचं अ‍ॅप उतरवून त्यात व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. दोनशे युआनपर्यंतच्या खर्चावर जादा शुल्क नाही, त्यावर तीन टक्के. टॅक्सीही त्याच अ‍ॅपमधून बोलावता येते. आई आणि बाबा दोघांच्याही फोनवर हे हवं. व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल तिथल्या स्थानिक इंटरनेटवर चालत नाहीत, आपल्या कंपनीचं रोमिंग किंवा परदेशी ई-सिम घेतलं की चालतात. हॉटेलचं वायफाय जोडलं की पुन्हा बंद पडतात.

शेवटी यांगश्वो रेल्वे स्थानकाबद्दल. नावात यांगश्वो असलं तरी ते शिंगपिंगच्या बाजूला आहे, गावापासून रस्त्याने पाऊण ते एक तास. परतीच्या गाडीच्या किमान दोन तास आधी मुक्काम सोडा. त्यापेक्षा शिंगपिंगची सकाळ शेवटच्या दिवशी ठेवा, सामान टॅक्सीतच राहू द्या, नोट जुळवून झाली की तिथून स्थानक अगदी जवळ आहे.